ताहितीच्या बाजूला आठवडाभर कॅटामरान – आईला न्यावं का?

पाचूबेट

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसती वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा धागा काढतेय. मी ऑकलंडला असते. मे महिन्यात दादा-वहिनी, त्यांची दोन पोरं (११ आणि ८) आणि आई पुण्याहून इकडे येताहेत. आई ६८ वर्षांची, गुडघे कुरकुरतात पण एरवी खुटखुटीत, रोज पर्वतीच्या निम्म्या पायऱ्या चढून येते. तर गेली दोन वर्षं आमच्या घरात फ्रेंच पॉलिनेशियाचं (ताहिती आणि आसपासची बेटं) खूळ आहे. ऑकलंडहून विमान साधारण पाच तासांचं, म्हटलं एवढ्या लांब आलेच आहेत तर तिकडूनही जाऊन येऊ, पण हॉटेलांचे दर बघून डोळे पांढरे झाले, पाण्यावरच्या त्या झोपड्या तर सोडूनच द्या. मग नवऱ्याने हे काढलं की सात जणांत एक कॅटामरान (दोन सांगाड्यांची शिडाची बोट) भाड्याने घ्यायची, राहणं फिरणं खाणं सगळं तिच्यावरच, माणशी हिशोब हॉटेलपेक्षा बरा पडतो.

नवऱ्याने इथे सेलिंगचा कोर्स केलाय आणि मित्राच्या बोटीवर महिन्यातून एकदा जातो, त्यामुळे त्याच्या मते स्किपरची (बोट चालवणाऱ्या कप्तानाची) गरज नाही. माझ्या मते आहे. यावरून घरात शीतयुद्ध चालू आहे. त्याला ताहिती, मोरेआ, हुआहिने, बोरा बोरा आणि शिवाय माउपिती असं सगळं सात दिवसांत करायचंय. मला आईची काळजी: बोट लागेल का, टॉयलेटचं काय, ती शाकाहारी आहे त्याचं काय. कुणी प्रत्यक्ष केलंय का हे? फोटो आणि ब्लॉग खूप बघितले, सगळे नुसतं स्वर्ग स्वर्ग करतात, त्यातून काही कळत नाही.

खारट_वारा

केलंय. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये, आम्ही सहा मित्र, आठ दिवस, स्किपर न घेता. तुमच्या नवऱ्याची यादी वाचून आम्हीच आठवलो, आमचीही अशीच होती :)

पहिलं म्हणजे ताहिती आणि मोरेआ यादीतून काढा. पापेएते (ताहितीचं मुख्य शहर) ते रायातेआ बेट दोनशे किलोमीटरच्या वर उघडा समुद्र आहे, भाड्याच्या बोटी रात्री चालवायला परवानगी नसते, आणि मुळात कशाला? ताहितीला उतरायचं, तिथून छोट्या विमानाने पाऊण तासात रायातेआ, आणि बोट तिथून घ्यायची. बहुतेक चार्टरवाल्यांचे (बोटी भाड्याने देणाऱ्यांचे) तळ तिथेच आहेत आणि त्याला कारण आहे. रायातेआ आणि ताहाआ ही दोन बेटं एकाच प्रवाळाच्या कड्यात आहेत, म्हणजे दोघांना मिळून एकच लगून (कड्याच्या आतलं पाणी). बाहेर समुद्र कितीही खवळलेला असू दे, आत तुम्ही शांत पाण्यात दोन्ही बेटांच्या कडेने फिरू शकता. आई आणि पोरं असताना ही एक गोष्ट बाकी सगळ्यापेक्षा मोठी आहे.

आता दुसरं, जे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल पण आम्ही ऐकलं नव्हतं. तिथे मे ते ऑक्टोबर वारा आग्नेयेकडून येतो, पूर्व-आग्नेय म्हणा, दिवसरात्र तोच. बोरा बोरा रायातेआच्या वायव्येला. म्हणजे जाताना वारा पाठीवर, वीस-पंचवीस सागरी मैल, शिडं फुगलेली, हातात चहा, सगळे एकमेकांचे फोटो काढताहेत, आणि आपल्याला वाटतं आपण काय जन्मजात दर्यावर्दी आहोत. परत येताना तोच वारा, त्याच लाटा, तोंडावर. आम्ही बोरा बोरा शेवटी ठेवलं होतं, 'कळस' म्हणून. शेवटच्या दोन दिवसांत माराआमू सुटला, हा तिकडचा दक्षिणेकडचा जोरकस वारा, जून ते ऑगस्टमध्ये येतो आणि आला की दोन-तीन दिवस ठिय्या देतो. बोट परत द्यायची तारीख ठरलेली, विमान ठरलेलं, मग निघालो. सकाळी सहाला निघालेले आम्ही दुपारी साडेतीनला ताहाआच्या पाइपाई खिंडीतून (खिंड म्हणजे प्रवाळाच्या कड्यातून आत यायची वाट) आत शिरलो तेव्हा सहापैकी चार जण आडवे होते, एक जण देवाचं नाव घेत होता आणि तो नास्तिक आहे. दोन्ही इंजिनं पूर्ण वेळ चालू. कॅटामरान कलत नाही हे खरं, पण समोरून लाट आली की दोन सांगाड्यांच्या मधल्या पोटावर खालून जी धाड बसते ना, जेवणाच्या टेबलाखाली कुणी घण मारतंय असं वाटतं. बोट मोडत नाही, पण ते पहिल्यांदा ऐकणाऱ्याला कोण सांगणार.

म्हणून माझं एकच सांगणं: बोरा बोराला जायचं कसं याचा प्लॅन करू नका, तिथून परत यायचं कसं याचा करा. तिथून निघायला किमान एक दिवस, जमलं तर दोन, हाताशी राखून ठेवा.

माउपिती विसरा. तिथे आत शिरायची एकच खिंड आहे, ओनोइआऊ, ती दक्षिणेकडे तोंड करून आहे आणि दक्षिणेची लाट असली की भयानक होते. बऱ्याच चार्टर करारांत माउपितीला मनाईच असते.

झाडाखालचा_म्हातारा

एवढ्या पैशात सगळं खानदान अंदमानला दोनदा जाऊन आलं असतं. निळं पाणी तिथेही आहे. असो, आपले पैसे आपली मर्जी.

उलांडी

@झाडाखालचा_म्हातारा काका, धागा पॉलिनेशियाचा आहे, अंदमानचा वेगळा काढा, तिथे मीही येतो भांडायला.

मी पॉलिनेशियात एकदाच गेलोय, मोठ्या भावासोबत, पण शिडाच्या होड्या लहानपणापासून. घर मालवणचं, नोकरी मुंबईत, त्यामुळे रविवारी डिंगी आणि बाकी दिवस लोकल. दोन-चार गोष्टी सांगतो, थोडं विषयांतर होईल.

कॅटामरान हा शब्द मूळचा तमिळ, कट्टुमरम, म्हणजे बांधलेली लाकडं. नाव आपल्या पूर्व किनाऱ्यावरच्या तराफ्याचं, पण आज जिला आपण कॅटामरान म्हणतो ती दोन सांगाड्यांची बोट खरी पॉलिनेशियाची. तिथे होडीला वआ म्हणतात. एका सांगाड्याची असेल तर बाजूला तोल धरायला जे लाकूड बांधतात ते आमा. मालवणात आम्ही त्यालाच उलांडी म्हणतो, माझा आयडी तिथूनच आलाय. रायातेआवरच्या उतुरोआच्या धक्क्यावर पोरं वल्ही मारत होती, त्या होड्या बघून भाऊ म्हणाला, अरे ह्यो तर आमच्या दांडीवरचो पात, फक्त रंग लावलेलो (दांडी हा मालवणचा किनारा, पात म्हणजे तिथली होडी). ऑस्ट्रोनेशियन दर्यावर्द्यांकडून ही पद्धत हिंदी महासागरात पसरली असं अभ्यासक मानतात, तेव्हा भावाला हसू नका.

आता कामाचं. भरती-ओहोटी. आमच्याकडे म्हातारे मच्छीमार तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती. चंद्र रोज उशिरा उगवतो तशी भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. ताहितीच्या भागात हे गणित चालत नाही! तिथे भरती रोज साधारण दुपारी बारा आणि रात्री बाराला, ओहोटी सहा आणि सहाला, तिथी कुठलीही असो. चंद्रामुळे येणारी भरतीची लाट समुद्रात काही बिंदूंभोवती फिरते आणि त्या बिंदूपाशी पाणी चढत-उतरत नाही, ताहिती अशाच एका बिंदूच्या जवळ आहे, म्हणून चंद्राचा वाटा जवळजवळ शून्य आणि उरतो तो सूर्याचा. फरकही किती, तर फूटभर. मुंबईत उधाणाला पाच मीटरच्या आसपास पाणी चढतं हे बघितलेल्या माणसाला हे पटतच नाही, मी पहिल्या दिवशी धक्क्याच्या खांबाकडे बघत बसलो होतो.

पण यावरून खिंडीत प्रवाह नसेल असं समजू नका. प्रवाळाच्या कड्यावरून बाहेरच्या लाटा सारखं पाणी आत ओततात आणि ते पाणी बाहेर पडायला खिंडीच असतात, त्यामुळे प्रवाह बहुतेक वेळ बाहेरच्याच दिशेने, आणि दक्षिणेला मोठी लाट असली की जास्त जोराचा. बाहेर जाणारं पाणी आणि आत येणारा वारा एकमेकांना भिडले की तिथे उभ्या लाटा उठतात. बोरा बोराला एकच खिंड आहे, तेआवानुई, ती पश्चिमेला म्हणजे वाऱ्याच्या आडोशाला, रुंद, खुणा लावलेली, तिची भीती नाही.

खुणांचं मात्र नवऱ्याला दोनदा विचारा. खिंडीतून आत येताना लाल डावीकडे, हिरवी उजवीकडे, हे न्यूझीलंडसारखंच. पण लगूनमध्ये शिरल्यावर नियम बदलतो: लाल खूण डोंगराच्या बाजूला, हिरवी खूण प्रवाळाच्या बाजूला, तुम्ही कुठल्याही दिशेने जात असलात तरी. लाल आणि हिरवीच्या मधून जायचं, बस. आणि लगूनमध्ये बोट हलवायची ती सकाळी नऊ ते दुपारी तीनच्या आत, सूर्य डोक्यावर किंवा पाठीशी असताना, पोलराइज्ड गॉगल घालून. गडद निळं म्हणजे खोल, फिरोजी म्हणजे वाळूवर उथळ, तपकिरी ठिपके म्हणजे प्रवाळाचे गड्डे. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात सगळं चांदीच्या ताटासारखं एकच दिसतं, आणि मग तळ खरवडतो.

स्किपरच्या बाबतीत मी तुमच्या बाजूने. माणूस बोट चालवू शकतो का हा प्रश्नच नाही, ती तो चालवेल. पण आठ दिवस तो नकाशा, वारा, नांगर यातच राहील आणि रात्री वारा फिरला की उठून नांगर सरकला का बघत बसेल. सुट्टी कुणाची मग?

पाचूबेट

बाप रे, एवढं सविस्तर! नवऱ्याला वाचायला दिलं. लाल-हिरव्याचा आतला नियम त्याला माहीत नव्हता, पण 'तिथे ब्रीफिंगमध्ये सांगतातच' असं म्हणाला. माराआमूच्या ठिकाणी मात्र जरा गप्प झाला.

@खारट_वारा मे अखेरीस तो वारा असतो का? आणि माझे घरगुती प्रश्न तसेच राहिलेत, कुणी बायकांपैकी गेलंय का? पुरुषांना टॉयलेटचं विचारलं की 'आहे की' एवढंच उत्तर येतं.

शेपूची_भाजी

मी गेलेय गं, सॅन होजेहून, नवरा, मुलगी आणि सासूबाई, स्किपर घेऊन. सासूबाई ७१. त्यामुळे तुझ्या प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे आहेत.

टॉयलेट. ४२-४५ फुटी बोटीत चार डबल केबिन आणि बहुतेक वेळा प्रत्येकीला आपलं छोटं बाथरूम. बटण दाबलं की मोटर घुर्रर्र करते, रात्री दोनला सगळ्या बोटीला कळतं कोण उठलंय. कागद त्यात टाकायचा नाही, बाजूच्या डब्यात, हे पोरांना पहिल्या दिवशी बजाव, नाहीतर तुंबलं की उघडायचं काम तुमच्याच माणसाला. हातात जेट स्प्रेसारखा शॉवर असतो, त्यामुळे आपल्या लोकांची सोय होते, समजलीस ना. पाणी जपून. समुद्राचं पाणी गोडं करायचं मशीन बोटीवर होतं पण ते तास तास चालवावं लागतं. आधी समुद्रातच डुबकी मारायची, मग मागच्या पायरीवर गोड्या पाण्याने तीस सेकंदात अंग विसळायचं, ही पद्धत दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांना जमली, सासूबाईंनाही, गाऊन घालून.

गुडघे. बोटीवर फारसा त्रास नाही, केबिनमध्ये उतरायला चार-पाच पायऱ्या, धरायला सगळीकडे काहीतरी असतं. त्रास होतो तो डिंगीत उतरताना. मागच्या पायरीवरून हलणाऱ्या रबरी होडीत पाय टाकायचा, ते पाऊल टाकताना एकाने डिंगी घट्ट धरायची आणि एकाने आईचा दंड, आणि आईने उभं राहायचं नाही, थेट बसायचं. सासूबाईंना दोन दिवस भीती वाटली, नंतर स्वतः 'धर रे' म्हणून हुकूम सोडायला लागल्या.

बोट लागणं. लगूनमध्ये अजिबात नाही, तळ्यासारखं असतं. बाहेर निघायच्या दिवशी आम्ही आदल्या रात्री एक आणि सकाळी एक अ‍ॅव्होमिन असं डॉक्टरांना विचारून दिलं होतं, तूही विचारूनच दे, म्हातारपणी इतर गोळ्यांबरोबर काय चालतं ते बघावं लागतं, आणि झोप भरपूर येते. आलेपाक वड्या खिशात. मुख्य म्हणजे आत बसू द्यायचं नाही, बाहेर मागच्या कट्ट्यावर, नजर क्षितिजावर. आणि फोन बंद. मुलगी गेम खेळत बसली आणि पहिली तीच पडली.

खाणं. आता ऐक. तिकडे मासे आणि मांस हेच जेवण हे खरं, पण आपलं काही अडत नाही. उतुरोआत (रायातेआचं गाव, चार रस्ते आणि एक धक्का) सुपरमार्केटं आहेत, बरीच दुकानं चिनी वंशाच्या कुटुंबांची, तांदूळ, मसूर, कांदे बटाटे, मैदा, डबाबंद चणे, नारळाचं दूध सगळं मिळतं. बाहेरून येणारं सगळं महाग, एक फ्लॉवर घेताना मी दोनदा किंमत वाचली. पण काही गोष्टींवर लाल पट्टीची किंमत असते, त्या सरकारने दर बांधून दिलेल्या जीवनावश्यक वस्तू, तांदूळ पीठ वगैरे, त्याच बघून घ्यायच्या. पाव मुबलक आणि स्वस्त, लांबलचक फ्रेंच बगेट, सकाळी लवकर जायचं नाहीतर संपतात. फळं म्हणजे विचारू नकोस, ते ज्याला पांप्लमूस म्हणतात ते आपलं पपनसच, पण इतकं रसाळ की सोलताना कोपरापर्यंत ओघळ. आणि उरू म्हणजे आपला नीरफणस! तोच तो, याची रोपं न्यायला कॅप्टन ब्लाय १७८८ मध्ये ताहितीला आला आणि पुढच्या वर्षी परतीच्या वाटेवर त्याच्या बाउंटी जहाजावर बंड झालं. सासूबाई रत्नागिरीच्या. ताहाआला एका माणसाने निखाऱ्यात अख्खा भाजलेला उरू दिला, तर ह्यांनी दुसरा कच्चा मागून घेतला आणि बोटीवर तिखट-मीठ-रवा लावून कापं केली. स्किपरने अर्धं ताट संपवलं.

तिकडचा तो कच्च्या ट्यूनाचा प्रकार असतो, लिंबू आणि नारळाच्या दुधातला, प्रत्येक हॉटेलात. मासा न घालता करून द्या म्हटलं की देतात, मग ती काकडी-टोमॅटोची नारळाच्या दुधातली कोशिंबीर होते, झकास लागते. आणि पोए म्हणून एक गोड प्रकार आहे, केळं किंवा भोपळा शिजवून, पीठ घालून, वरून नारळाचं दूध, आईला आवडेल.

कुकर न्यायचा असेल तर ने, मी नेला होता. बोरा बोराच्या ओतेमानू डोंगराखाली कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या आणि शेजारच्या बोटीवरचे फ्रेंच लोक डेकवर आले :D

रविवारी दुपारनंतर सगळं बंद, लोक सकाळी चर्चमध्ये असतात. किराणा शनिवारी उरक.

खारट_वारा

मे अखेर चांगला काळ आहे, कोरडा मोसम सुरू झालेला, माराआमू अगदीच नाही असं नाही पण जून-जुलैपेक्षा कमी. देवमासे मात्र मिळणार नाहीत, हंपबॅक ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये असतात.

@शेपूची_भाजी कुकर :) आम्ही सहा पुरुषांनी आठ दिवस पाव आणि टिनमधली बीन्स खाल्ली, हे आधी वाचलं असतं तर.

एक राहिलं होतं, मासे खाणारे असाल तर गळाला लागलेला लगूनमधला मासा स्थानिकाला दाखवल्याशिवाय खाऊ नका. प्रवाळावरच्या काही माशांत सिग्वातेरा नावाची विषबाधा करणारं विष असतं, ते शिजवून जात नाही आणि बेटागणिक कुठला मासा चालतो ते बदलतं. बाहेर खोल समुद्रात ट्यूना लागला तर खुशाल.

बोलघेवडा_पोपट

व्हिसाचं कुणीच बोललं नाही. दादाचं कुटुंब भारतीय पासपोर्टवर आहे ना? फ्रेंच पॉलिनेशिया फ्रान्सचा भाग असला तरी शेंगेनमध्ये येत नाही. साधा शेंगेन व्हिसा आहे म्हणून विमानात बसायला जाल तर अडकाल. अर्ज फ्रान्सकडेच करायचा पण त्यात फ्रेंच पॉलिनेशियाला जाणार हे स्पष्ट लिहायचं आणि व्हिसावर तसं छापून आलंय का ते बघायचं. ऑकलंडला परत यायचंय म्हणजे न्यूझीलंडचा व्हिसाही पुन्हा आत येता येईल असा हवा. हे आधी, बोटीचं बुकिंग नंतर.

आणि तारखेचा घोळ! मधे आंतरराष्ट्रीय वाररेषा आहे. ऑकलंडहून शनिवारी निघालात की ताहितीला शुक्रवारी पोचता. माझ्या ओळखीतल्या एकाने बोट न्यूझीलंडच्या तारखेने धरली आणि एक दिवस आधीच जाऊन बसला, नशीब की आधी, नंतर नव्हे. परत येताना एक अख्खा दिवस गायब होतो, पोरांना आधी समजावून ठेवा, त्यांना मजा वाटते.

झाडाखालचा_म्हातारा

नीरफणसाचं वाचून जीव हलला. भाजलेला कसा लागतो? आमच्याकडे भाजी आणि कापंच.

शेपूची_भाजी

काका, भाजल्यावर वरची साल कोळसा होते, ती काढली की आतून भाजलेला बटाटा आणि ताजा पाव यांच्या मधलं काहीतरी. धुराचा वास छान लागतो. नुसतं खोबरेल किंवा लोणी लावून.

पाचूबेट

व्हिसाचं खरंच लक्षात नव्हतं, दादाला लगेच कळवलं. आता प्लॅनचं सांगा ना. बोट सात रात्री धरतोय. हुआहिने करावं का?

खारट_वारा

हुआहिने सुंदर आहे, बोरा बोरापेक्षा मला तेच आवडलं, फारे गाव, निवांत, मोठी हॉटेलं नाहीत. पण ते रायातेआच्या पूर्वेला, म्हणजे जातानाच वारा तोंडावर. दहा दिवस असते तर म्हटलं असतं की आधी तिकडे जा, अंगात दम असताना वाऱ्याविरुद्ध जाऊन घ्या आणि परत येताना आरामात या. सात रात्रींत दोन्ही केलं तर तुम्ही फक्त ये-जा कराल. एकच निवडा आणि पोरांनी शाळेत नाव सांगायला बोरा बोराच निवडायचं असणार, समजू शकतो.

मी असा करेन. पहिल्या दुपारी लांब जायचंच नाही, सामान लावेपर्यंत तीन वाजतात. दुसऱ्या दिवशी रायातेआच्या पूर्वेच्या बाजूने खाली, फाआरोआच्या खाडीत रात्र. तिथली नदी ही अख्ख्या फ्रेंच पॉलिनेशियात होडीने जाता येणारी एकमेव, डिंगीने आत जायचं, दोन्ही बाजूंना जास्वंद आणि बांबू, आईला हा भाग कोकणच वाटेल. तिथून खाली ओपोआला तापुतापुआतेआ. हे चुकवू नका. समुद्राकाठचं दगडी पटांगण, माराए म्हणतात, पॉलिनेशियाच्या लोकांचं हे मूळपीठ, २०१७ पासून युनेस्कोच्या यादीत. तिथे पाटी वाचत बसण्यापेक्षा समोरच्या खिंडीकडे बघत बसा, ती पवित्र खिंड, लांबून येणाऱ्या मोठ्या जोडहोड्या तिथूनच आत यायच्या. याच बेटावरचा तुपाइआ नावाचा माणूस १७६९ मध्ये कॅप्टन कुकच्या जहाजावर चढला आणि त्याने सत्तरच्या वर बेटांचा नकाशा काढून दिला, होकायंत्र न वापरता, सगळं डोक्यात. दगडांवर चढू नका, पोरांना सांगा.

मग वर ताहाआ, दोन रात्री. हुरेपितीच्या खाडीत व्हॅनिलाच्या बागा, हाताने एकेका फुलाचं परागण करतात, दाखवतात आणि समजावतात. दुसऱ्या दिवशी पश्चिमेला मोतू ताउताउच्या (मोतू म्हणजे कड्यावरचं छोटं बेट) शेजारी प्रवाळाची बाग: बेटाच्या कडेने चालत वर जायचं, पाण्यात उतरायचं आणि प्रवाह आपोआप खाली आणून सोडतो, हात मारावा लागत नाही. पायात रबरी बूट घालाच. आठ वर्षांच्या पोराला लाइफ जॅकेट घालून कुणीतरी हात धरून न्या, उथळ आहे, प्रवाळावर घासलं की जखम लवकर भरत नाही. काळ्या टोकाच्या परांचे छोटे शार्क दिसतील, काही करत नाहीत, पोरांना आधी सांगून ठेवा म्हणजे किंचाळणार नाहीत.

तिथून बोरा बोरा समोर दिसतच असतं. अंदाज चांगला असेल त्या सकाळी निघा, दोन रात्री तिथे. नांगर टाकता येत नाही, बॉयाचे (पाण्यात बोट बांधायला ठेवलेला तरंगता गोळा) पैसे भरून तिथेच बांधायचं. आणि शेवटची रात्र परत ताहाआच्या आत, बोट द्यायच्या आदल्या दिवशी तुम्ही लगूनमध्ये असलंच पाहिजे.

आता आईसाठी एक आयडिया. बोरा बोराहून रायातेआला छोटं विमान आहे, वीस मिनिटांचं. वारा वाईट असेल तर आई आणि वहिनी विमानाने या, बाकीचे बोटीने. आमच्यातल्या चौघांनी त्या दिवशी वाट्टेल ते पैसे दिले असते त्या विमानाचे.

उलांडी

अगदी. आणि स्किपर पूर्ण आठवडा नको असेल तर पहिले दोन-तीन दिवस घेता येतो बऱ्याच ठिकाणी. तो खिंडी, खुणा, नांगर सगळं हातात हात धरून दाखवतो आणि मग उतरून जातो. तुमच्या घरच्या शीतयुद्धावर तोडगा म्हणून सुचवतोय. पण खरं सांगायचं तर परतीच्या दिवशीच तो बोटीवर हवा. त्याच्या जेवणाचा आणि झोपायच्या जागेचा हिशोब धरा, पुढच्या टोकाला एक चिंचोळी केबिन असते तिथे झोपतात बिचारे.

पाचूबेट

अपडेट: नवरा पूर्ण आठवडा स्किपर घ्यायला तयार झाला, पण 'शिकायला मिळेल म्हणून', भीती वाटली म्हणून नाही, याची नोंद घ्यावी असं त्याने सांगितलंय. हुआहिने आणि माउपिती रद्द. दादाने व्हिसाची कागदपत्रं काढायला घेतली.

आईला फोनवर सगळा धागा वाचून दाखवला. विमानाची आयडिया तिने साफ फेटाळली. म्हणे मी तुमच्या बाबांबरोबर जंजिऱ्याला शिडाच्या होडीतून गेले होते तेव्हा पाच महिन्यांची गरोदर होते, आता काय होणार आहे मला. आणि शेपूची भाजी यांच्या सासूबाईंना विचारायला सांगितलंय की तिकडचा नीरफणस कापांना बिनबियांचाच होता का.

शेपूची_भाजी

बिनबियांचाच, विचारून सांगितलं. रवा मात्र घरून घेऊन जा म्हणतात, पाकीट सीलबंद असू दे आणि फॉर्मवर लिही. फळं, भाज्या, बिया, मध काहीही नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात.

खारट_वारा

आईंना नमस्कार सांगा :) तरी ते तिकीट रद्द करता येण्यासारखं काढून ठेवाच, आणि ठरवायचं ते बोरा बोराला पोचल्यावर, स्किपरबरोबर वाऱ्याचा अंदाज बघून. त्याने तोंड वाकडं केलं तर तुम्हीही विमानाने या.